डिझेल पिणारा वारा: ट्रकचा वेग आणि ॲव्हरेजचं गणित

आपल्याकडे गाडी ॲव्हरेज 'देते'. म्हैस दूध देते तशी. "दहाचाकी किती देते हो?" "चार देते." "आमची साडेतीनच देते." जणू कारखान्यातून निघतानाच तिच्या अंगात तो आकडा भरून आलाय आणि आता उरलंय ते मालकाचं नशीब. खरं तर म्हशीचं दूधसुद्धा वैरणीवर आणि धार काढणाऱ्याच्या हातावर असतं. ट्रकचं ॲव्हरेज त्याहून जास्त चालवणाऱ्याच्या उजव्या पायावर असतं.

माझ्या चुलत्यांच्या दोन दहाचाकी गाड्या कराड-बंगळूर लाइनवर चालायच्या. जाताना साखर, येताना मिळेल तो माल. काकांचं शिक्षण बेताचं, हिशोब मात्र चोख. टाकी फुल केली की एका लांबट वहीत तारीख, किलोमीटर, लिटर आणि ड्रायव्हरचं नाव. एका वर्षी त्या वहीत भानगड दिसायला लागली. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या, माल तेवढाच, रस्ता तोच. पण एक ४.१ देत होती आणि दुसरी ३.६. काकांनी ड्रायव्हर अदलाबदल करून पाहिले, तर आकडेही ड्रायव्हरांबरोबर गेले. म्हणजे गाडीत दोष नव्हता. जाऊन-येऊन साडेतेराशे किलोमीटरच्या फेरीत हा फरक ४५ लिटरच्या घरात जातो. कुठल्याही मालकाच्या मनात येईल तेच काकांच्या मनात आलं: पोरगं वाटेत डिझेल काढून विकतंय.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टी होती. काकांनी मला 'जरा बंगळूर बघून ये' म्हणून त्या गाडीवर बसवून दिलं. अर्थ मला कळला होता आणि बहुधा ड्रायव्हरलाही.

वाटेत कुठेही टाकीचं झाकण उघडलं नाही. कॅन नाही, पाइप नाही, धाब्यामागे अंधारात गाडी लावणं नाही. किणीचा टोलनाका सुटला, रस्ता मोकळा झाला आणि काटा ऐंशीवर जाऊन बसला. त्याबरोबर मागून फडाफड आवाज सुरू झाला. रस्सी आवळून बांधलेली ताडपत्री वाऱ्याने उचलून आपटत होती. दुसऱ्या गाडीवरचे वयस्कर ड्रायव्हर मला निघताना म्हणाले होते, "सत्तरच्या वर गेली की ताडपत्री बोलाय लागती. ताडपत्री बोलाय लागली की समज, डिझेल चाललं." तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. चोर माझ्या डोक्यामागेच, फाळक्यावर बसून डिझेल पीत होता.

ट्रकला मागे ओढणारे दोघे

सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चाललेल्या ट्रकचं इंजिन दोघांशी झगडत असतं. एक टायर, दुसरी हवा. बाकीचे किरकोळ.

टायरचं आधी. वजनाखाली टायर खालून चपटा होतो, पुढे गेला की पुन्हा गोल होतो. हे चपटं होणं आणि गोल होणं फुकट होत नाही, रबर तापतं. लांबून आलेल्या गाडीच्या टायरला हात लावून बघा. ती ऊब तुमच्या डिझेलची आहे. ही ओढ वजनाच्या हिशोबात वाढते, वेगाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. चांगला डांबरी रस्ता आणि बरे रेडियल टायर असतील तर टनामागे साधारण ७ किलोची ओढ धरा. भरलेली दहाचाकी मालासकट २८ टनांची धरली, तर झाले सुमारे १९५ किलो. म्हणजे ट्रकला पुढून दोर बांधून, तो दोर कप्पीवरून विहिरीत सोडून त्याला १९५ किलोचं वजन लावलं, तर टायरची ओढ कशीबशी निघेल. गाडी चाळीसने जावो की ऐंशीने, हे १९५ बहुतांशी १९५च राहतात.

हवा तशी नाही. ट्रकचं तोंड म्हणजे अडीच मीटर रुंद आणि जवळपास साडेतीन मीटर उंच अशी भिंत. ही भिंत समोरची हवा बाजूला ढकलत निघते. वेग दुप्पट केला तर काय होतं? एका सेकंदात भिंतीसमोर दुप्पट हवा येते, ही एक गोष्ट. आणि त्या हवेचा प्रत्येक घास दुप्पट जोराने ढकलावा लागतो, ही दुसरी. दोन दुणे चार. वेग दुप्पट, ओढ चौपट.

आपल्या दहाचाकीचं गणित मांडलं, तर चाळीसच्या वेगाला हवेची ओढ ४५ किलोच्या आसपास येते. साठला ती १०५ होते. ऐंशीला १८५. गाडीची बॉडी, मालाची उंची, ताडपत्रीची बांधणी यांवर आकडे पुढे-मागे होतील, पण चढण अशीच राहील. टायरचे १९५ मिळवले की एकूण ओढ चाळीसला २४०, साठला ३००, ऐंशीला ३८० किलो.

आता या किलोंचं लिटरमध्ये रूपांतर. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट विजेइतकी ऊर्जा असते. चांगलं डिझेल इंजिन त्यातली ४० टक्क्यांच्या आसपास कामी आणतं. उरलेली सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन जाते. गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन (मागच्या एक्सलमधले गिअर), हवेचा कॉम्प्रेसर, अल्टरनेटर यांचा वाटा वजा केला की चाकापर्यंत ३५ टक्के पोहोचले तरी छान. त्याचा सोपा अर्थ मी असा लावून ठेवलाय: एक लिटर डिझेल १३०० किलोची ओढ एक किलोमीटरपर्यंत सोसतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे घाटातही कामाला येणार आहे.

मग १३०० भागिले एकूण ओढ म्हणजे ॲव्हरेज. चाळीसला ५.४, साठला ४.३, ऐंशीला ३.४. साठवरून ऐंशीवर जाताना वेग एक तृतीयांशाने वाढला, पण हवेची ओढ पाऊणपटीने वाढली आणि लिटरमागे जवळजवळ एक किलोमीटर गेला.

ताशी हिशोब केला तर चित्र आणखी भडक होतं. साठने चाललेल्या या ट्रकला चाकाशी साधारण ६५ हॉर्सपॉवर लागतात, ऐंशीला ११०. कारण ऐंशीला ओढ तर जास्त असतेच, शिवाय त्याच तासात जास्त अंतरावर ती सोसायची असते. नुसत्या हवेपुरतं बोलायचं तर लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट, ताकद आठपट. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या केल्या त्या याच घनाच्या भरवशावर. वारा दुप्पट झाला की वाऱ्यातली ताकद आठपट मिळते. पठारावर ज्या नियमाचे पैसे मिळतात, खाली हायवेवर त्याच नियमाचे पैसे मोजावे लागतात.

आणि वारा समोरून असेल तर? गाडी साठने चाललीय, समोरून वीसचा वारा आहे. भिंतीला तो ऐंशीचाच लागतो. काटा साठ दाखवतो आणि ॲव्हरेज ऐंशीचं, ३.४ मिळतं. वारा पाठीमागून असेल तर उलट. साठने जाऊन चाळीसची मजा. म्हणून एकाच फेरीच्या आकड्यावरून ड्रायव्हरला फैलावर घेणारा मालक मला उतावळा वाटतो. टाकी फुल ते टाकी फुल, जाऊन-येऊन, निदान चार-पाच फेऱ्या असं मोजलं तरच त्या आकड्याला काही किंमत. पंपावर गाडी कलती उभी असली तरी टाकीत पाच-सात लिटर इकडचे तिकडे होतात.

मग चाळीसनेच का नको?

कागदावर चाळीसचे ५.४ बघून एखादा म्हणेल, मग तीसने न्या, सहा मिळतील. मिळत नाहीत. इंजिन फिरतंय एवढ्यासाठीच काही डिझेल जळत असतं: पिस्टनचं घर्षण, तेलाचा पंप, पाण्याचा पंप, पंखा. मोठा ट्रक जागेवर नुसता चालू ठेवला तरी तासाला दीड-दोन लिटर जातात. जितके तास जास्त, तितकं हे भाडं जास्त. शिवाय डिझेल इंजिन अंगावर बऱ्यापैकी काम असेल तेव्हाच नीट खातं-पितं. अगदी हलक्या कामावर त्याचे ४० टक्के राहत नाहीत. तीस-चाळीसला टॉप गिअर पडत नाही, खालच्या गिअरवर इंजिन जास्त फिरतं. या सगळ्यातून भरलेल्या गाडीचा फायद्याचा पट्टा निघतो तो साधारण पन्नास ते साठ. त्याच्या खाली इंजिनचा तोटा, वर हवेचा.

गिअरचं थोडं बघू. ट्रकचा मोठा टायर एका फेऱ्यात सव्वातीन मीटरच्या आत-बाहेर जातो. साठचा वेग म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला ३१० फेरे. मागच्या एक्सलचा रेशो समजा ४.४ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.४ फेरे, आणि टॉप गिअर सरळ, एकास एक आहे. तर इंजिन १३६० आरपीएमवर. ऐंशीला तेच १८०० च्या वर जातं. मीटरवर हिरवा पट्टा रंगवलेला असतो तो याचसाठी. पट्ट्याच्या आत इंजिन थोड्या फेऱ्यांत जास्त जोर काढतं, बाहेर गेलं की स्वतःच्याच घर्षणावर डिझेल घालवतं. त्यामुळे ऐंशीच्या गाडीला दुहेरी मार बसू शकतो: हवेचा वरून, आरपीएमचा आतून.

जुन्या गाड्यांना आणि टिपरना क्राउनचा, म्हणजे मागच्या एक्सलचा, रेशो मोठा असायचा. खाणीतून, शेतातून माल काढताना तो बरा. तीच गाडी हायवेला लावली की साठलाच इंजिन ओरडतं. जुनी गाडी घेताना लोक टायर, कमानी, चासी ठोकून बघतात. हा रेशो विचारणारा क्वचितच.

रिकाम्या गाडीची फसवणूक

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, माझाही चुकला होता. रिकामी गाडी हलकी, मग पळवली तर काय बिघडलं? माल उतरवला, भाडं मिळालं नाही, निदान लवकर तरी पोचू. ड्रायव्हरचा पाय आपोआप दाबला जातो.

रिकामी दहाचाकी १० टनांची धरा. टायरची ओढ ७० किलोवर आली. हवेला मात्र वजनाशी देणंघेणं नाही. ती भिंतीचा आकार बघते. साठला १०५, ऐंशीला १८५, तेच आकडे. म्हणजे रिकाम्या गाडीचं एकूण साठला १७५ आणि ऐंशीला २५५. ॲव्हरेज ७.४ वरून ५.१. भरल्या गाडीत वेगामुळे पाचवा हिस्सा गेला होता, रिकामीत जवळपास तिसरा हिस्सा गेला. आणि उघड्या बॉडीची रिकामी गाडी तर आणखी वाईट, कारण मागच्या फाळक्यावर आतून वारा आदळतो. भिंत एक नाही, दोन झाल्या. कमाई नसलेल्या फेरीतच वारा सगळ्यात मोठा वाटा उचलतो.

हवेला आकार दिसतो हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या गोष्टी आपोआप सुचतात. कंटेनर केबिनपेक्षा उंच असेल तर त्या पायरीवर वारा थडकतो. म्हणून केबिनच्या टपावर तो वाकवलेला डिफ्लेक्टर. ताडपत्री सैल नको. माल उंच रचण्यापेक्षा पसरून रचलेला बरा. पुढे टांगलेल्या लिंबू-मिरचीला वाऱ्याचा काही आक्षेप नाही. टायरच्या बाजूने बघायचं तर हवा कमी असलेला टायर जास्त चपटा होतो, जास्त तापतो. आणि ज्यांना आपण नायलॉन टायर म्हणतो ते रेडियलपेक्षा जास्त ओढतात. फक्त एक फरक ध्यानात ठेवा. टायरची बचत सगळ्या वेगांना मिळते, डिफ्लेक्टरची बचत मोकळ्या रस्त्यावर वेगातच. गावातल्या गावात विटा-वाळू वाहणाऱ्याने डिफ्लेक्टर लावला तर तो शोभेचा.

घाट आणि ब्रेक

१३०० चा आकडा घाटात लावून बघू. खोपोली ते लोणावळा चढण साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. २८ टनांची गाडी ०.५५ किलोमीटर वर उचलायची: २८ हजार गुणिले ०.५५, म्हणजे १५,४००. भागिले १३००, सुमारे १२ लिटर. नुसता चढायला, टायर आणि हवा वेगळी. इथे वेगाचा काहीच संबंध नाही. वीसने चढा की चाळीसने, डोंगर आपले १२ लिटर घेतोच. त्यामुळे बोरघाटातलं ॲव्हरेज बघून ड्रायव्हरला बोलणं म्हणजे सह्याद्रीचा राग त्याच्यावर काढणं.

उतारावर ते १२ लिटर परत मिळतात का? थोडेफार, उतार सौम्य असेल तर. तीव्र उतारावर ते ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातात. आणि इथेच एक जुनी, जीवघेणी समजूत उभी आहे: उतारावर न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं. आताच्या इलेक्ट्रॉनिक पंपाच्या इंजिनात उलटं आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून रेसवरून पाय काढला, की चाकंच इंजिनला फिरवतात आणि पंप डिझेल पूर्ण बंद करतो. शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणजे थोडं का होईना डिझेल जळतंच. वर इंजिनचा आणि एक्झॉस्ट ब्रेकचा आधार गेला तो गेलाच. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता याच कारणाने बदनाम झालाय. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड गाडीने ओळीने कितीतरी वाहनं उडवली. अशा उतारांवर न्यूट्रल करू नका असं पोलीस कानीकपाळी ओरडत असतात. डिझेलच्या लोभाने न्यूट्रल करणाऱ्याला डिझेलही मिळत नाही, हे त्यांनी त्यात जोडायला हवं.

वेगाचं आणखी एक बिल ब्रेकमध्ये निघतं. २८ टनांची गाडी शून्यावरून साठवर आणायला ३०० मिली डिझेल लागतं. ऐंशीवर आणायला अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. ब्रेक मारून थांबलात की हे सगळं लायनरमध्ये जळून गेलं. टोलनाका, गतिरोधक, सहापदरीकरणाच्या कामामुळे काढलेलं वळण, मध्येच आलेला ट्रॅक्टर: ऐंशीने जाणाऱ्याच्या वाट्याला हे थांबे जास्त येतात, कारण तो पुढच्या गाडीच्या मागे लवकर येऊन आदळतो, म्हणजे आदळू नये म्हणून ब्रेक मारतो. साठने जाणारा बऱ्याचदा दुरूनच पाय काढून, ब्रेकला हात न लावता निभावून नेतो. माझ्या त्या फेरीत मी मोजायचा प्रयत्न केला. निपाणी ते बेळगाव एवढ्या टप्प्यात १४ वेळा जोराचा ब्रेक लागला, मग मला झोप लागली.

तास काय भावाने घेतला?

साठने गेलं की वेळ जास्त लागतो, हे तर खरंच. मग हिशोब वेळेचाही करायला हवा. कराड-बंगळूर साधारण ६८० किलोमीटर. त्यातला चारशे किलोमीटरचा रस्ताच असा, की जिथे मनात येईल तो वेग धरता येतो. बाकी घाट, गावं, टोल, वळणं, शहराची तोंडं. तिथे दोघेही सारखेच रखडतात. या चारशेत ऐंशीने गेलात तर पाच तास, साठने सहा तास चाळीस मिनिटं. वाचले एक तास चाळीस मिनिटं. डिझेल जास्त गेलं २५ लिटर. लिटरला नव्वद रुपये धरले तर सव्वादोन हजार. म्हणजे एक तास साडेतेराशे रुपयांना विकत घेतला. परतीचे आणखी पंचवीस लिटर धरले तर काकांच्या वहीतले ते ४५ लिटर इथेच सापडतात, थोडे उरतातच.

साडेतेराशेला तास महाग की स्वस्त? माल भाजी असेल, दूध असेल, मार्केट पहाटे उघडणार असेल, तर स्वस्त. साखर असेल तर? गाडी पहाटे चारला बंगळूरला पोचते, गोदामाचं गेट दहाला उघडतं. शहरात अवजड वाहनांना बंदीच्या वेळा असतात त्या वेगळ्याच. म्हणजे वाऱ्याला डिझेल पाजून मिळवलेले शंभर मिनिटं गेटबाहेर, हमालांची वाट बघत खर्च होतात. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे ट्रकचा वेळ रस्त्यावर कमी आणि गेटवर जास्त वाया जातो. पण गेटवरचा वेळ वाचवायला चार लोकांना फोन करावे लागतात. रस्त्यावरचा वाचवायला नुसता पाय दाबला की झालं.

अमेरिकेने हाच सौदा अख्ख्या देशापुरता करून बघितला. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं, आणि जानेवारी १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही करून देशभर ५५ मैलांची, म्हणजे ताशी साधारण ८८ किलोमीटरची मर्यादा आणली. तिथले ट्रकवाले खवळले. डिझेलचे वाढते भाव आणि ही मर्यादा, दोन्ही एकदम. त्यांनी रस्ते अडवले, संप केले. मर्यादा कशीबशी टिकली, १९८७ मध्ये सैल झाली आणि १९९५ मध्ये रद्द. गंमत म्हणजे त्यानंतर तिथल्या कितीतरी मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी स्वतःच्या गाड्यांचा वेग आपणहून इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये कुलूपबंद केला. सरकारने सांगितलं तेव्हा जाच वाटला, डिझेलच्या बिलाने सांगितलं तेव्हा पटलं. तिकडे आजही ड्रायव्हर एक ठोकताळा सांगतात: ५५ च्या पुढे वेग मैलामैलाने वाढवा, गॅलनमागे मैलाचा दशांश जातो.

युरोपात १२ टनांवरच्या ट्रकना १९९४ पासून ९० चा लिमिटर आहे. त्यातून एक मजेशीर त्रास उपजला. एकाचा लिमिटर ८९ वर, दुसऱ्याचा ९० वर. मागचा पुढच्याला ओव्हरटेक करायला निघतो आणि मिनिटामागून मिनिटं दोघे शेजारी शेजारी, मागे कारवाल्यांची रांग. जर्मन लोक याला हत्तींची शर्यत म्हणतात. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०१५ नंतरच्या बहुतेक मालवाहू गाड्यांना ८० चा स्पीड गव्हर्नर आहे. टँकर आणि डंपरना ६० चा. त्याची वायर कुठे सुटते हे लाइनवर सगळ्यांना ठाऊक असतं, तो भाग वेगळा. पण गव्हर्नर चालू असला तरी तो सुरक्षेचा आकडा आहे, डिझेलचा नाही. ऐंशीला गव्हर्नर गप्प असतो आणि ताडपत्री बोलत असते.

समुद्रावर हे आधीच झालंय. २००८ च्या मंदीत तेल महाग आणि माल कमी, तेव्हा कंटेनर वाहणाऱ्या जहाज कंपन्यांनी वेग उतरवला आणि पुढेही पुष्कळसा उतरलेलाच ठेवला. जहाजाला हवेऐवजी पाणी, नियम साधारण तोच घनाचा. न्हावाशेवाला आठवड्यांचा प्रवास करून सावकाश आलेला कंटेनर आपण ट्रकवर चढवतो आणि पनवेल सुटताच पळवायला लागतो.

परत आल्यावर मी काकांना कागदावर हे सगळं मांडून दाखवलं. चोरी नाही, वेग आहे. काकांनी कागद दोनदा वाचला, ड्रायव्हरला बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "चोर म्हणालो मनात, माझी चूक झाली. पण साठच्या वर न्यायची नाही इथून पुढं. वाचलेल्या डिझेलातलं निम्मं तुझं."

पोरगा कागदाकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "साठनं चालवतो की मालक, पैसं कुणाला नकोत? पन गेट दहाला उघडतंय. मी चारला पोचतोय म्हनून चार तास झोपतोय. साठनं गेलो तर सहाला पोचनार. आठला हमाल येऊन फाळका वाजवत्यात. मग झोपू कधी?"

काका काही बोलले नाहीत. कारखान्यातून गाडी संध्याकाळी भरून निघते, ती दुपारी भरून मिळेल का, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी दोन-तीन फोन केले, मिळाली नाही. मग वहीचं नवं पान काढलं. तारीख, किलोमीटर, लिटर, ड्रायव्हर यांच्या पुढे पट्टी ठेवून आणखी एक रकाना ओढला आणि वर लिहिलं: मुक्काम, हुबळी, चार तास.